दिवेलागणीला काढलेला पट्टा

आमच्या भागात कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा हा कुत्र्याचा नसतो, साखळीचा असतो. खुंट्याला साखळी, साखळीला पट्टा आणि पट्ट्यात कुत्रं. दिवेलागणीला कुत्रं सोडायचं तर साखळीचा आकडा कोणी काढत नाही. पट्ट्याचं बक्कल सोडतात. कुत्रं मोकळ्या गळ्यानं रानात जातं, डुकरं हाकलतं, सकाळी भाकरीला परत येतं आणि पुन्हा त्याचा गळा पट्ट्यात जातो. निमगाव केतकीच्या आसपास कुठल्याही वस्तीवर संध्याकाळी जाऊन बघा, जोत्यापाशी रिकामा पट्टा साखळीला लोंबताना दिसेल.

याचा अर्थ सरळ आहे. कुत्रं दारात बांधलेलं असतं, हरवायचा प्रश्नच नसतो, तेव्हा त्याच्या गळ्यात खूण असते. ते हरवू शकतं तेव्हा गळा रिकामा. हे मी घरात किती वेळा बोलले असेन. बोलून उपयोग झाला नाही, याला कारण होतं, आणि ते कारण खोटं नव्हतं. त्याच्याकडे येते.

आमची वस्ती गावापासून आत, डांबरी रस्ता सोडून पाणंदीनं यावं लागतं. डाळिंब आणि ऊस. नवरा आणि मी सकाळी बागेत गेलो की दुपारच्या जेवणालाच घरी. मागे घरात सासूबाई एकट्या. त्यांचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं आणि सासरे वारल्यानंतरच्या वर्षात पार थांबलं. बारामतीहून कानाचं यंत्र आणलं होतं. ते घातलं की कानात शिट्टी वाजते म्हणून त्यांनी ते डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली. तोंडाकडे बघून त्यांना आमचं निम्मं बोलणं कळायचं, निम्मं हातवाऱ्यांनी. बाकी अंगानं खणखणीत. स्वयंपाक, निवडणं, टिपणं, गाईंचं पाणी, सगळं त्यांच्याकडे. बहिऱ्या म्हाताऱ्या बाईला आडबाजूच्या वस्तीवर दिवसभर एकटं कसं ठेवता, असं माझी जाऊ बारामतीहून फोनवर विचारायची. माझ्याकडे उत्तर होतं: कुत्री आहे.

एका उन्हाळ्यात आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, खतासाठी. मेंढपाळांच्या बिऱ्हाडात एका कुत्रीची पिल्लं होती. त्यातलं तांबडं पिल्लू सासूबाईंनी मागून घेतलं. त्याला नाव कोणी ठेवलं नाही. आमच्याकडे कुत्र्याला "यू यू" म्हणून हाक मारतात, ते येतं, काम भागतं. पिल्लू असतानाच कुणाशी तरी भांडून ते डाव्या कानाचं टोक घालवून आलं. जखम भरली, कान तेवढा आखूड राहिला.

दिवसा तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचेल अशा लांब साखळीवर बांधायचो. पाणंदीत माणूस वळलं की ती भुंकायची. सासूबाई पाठमोऱ्या, चुलीशी. त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. मग ही उंबरा ओलांडून जायची आणि त्यांच्या पोटरीला नाक लावायची. ओलं नाक लागलं की सासूबाई वळून दारात यायच्या, कोण आलंय बघायच्या. कोणी शिकवलं नव्हतं. भुंकून काही होत नाही हे तिचं तिलाच समजलं असावं. पाहुणा असो, दूधवाला असो, वायरमन असो, सासूबाई त्याच्या आधी दारात उभ्या. नव्या माणसाला त्या बहिऱ्या आहेत हे थोडा वेळ कळायचंसुद्धा नाही.

"माझं कान खुंट्याला बांधल्यात बघ," त्या लोकांना सांगायच्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे हे त्या शेजारच्या वस्तीला कळेल इतक्या मोठ्यानं सांगायच्या.

म्हणून मला त्या कुत्रीची काळजी होती. लळाबिळा म्हणाल तर तो सासूबाईंना. मला एवढंच दिसत होतं की ही कुत्री गेली तर घर चालायचं नाही.

बारामतीला बाजारपेठेत भांड्यांवर नावं घालून देणारा एक जण बसतो. त्याच्याकडून पितळेच्या गोल चकतीवर फोन नंबर कोरून घेतला. त्याला वाटलं, घागरीला वगैरे लावायची असेल.

"खाली कुणाच्या स्मरणार्थ घालायचं का?" त्यानं विचारलं.

"जिवंत आहे अजून. कुत्री आहे."

त्यानं यंत्र थांबवून माझ्याकडे पाहिलं. "कुत्रीला पितळ? मग मागच्या अंगाला 'परत करावी' घालतो. आपल्यातर्फे."

चकती पट्ट्याला लावली तेव्हा सासूबाई खूश झाल्या. आमच्या गाईंच्या कानांत सरकारी पिवळे बिल्ले आहेत, नंबराचे. त्यांच्याकडे आणि कुत्रीकडे बघून म्हणाल्या, "गाईला बिल्ला झाला, हिला पितळ झालं. आता ह्या वस्तीवर मोकळा गळा माझा एकटीचाच राह्यला." आणि स्वतःच हसल्या. नवरा मान खाली घालून चहा पीत बसला.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी बक्कल सोडलं. पट्टा, चकती, सगळं जोत्यावर.

मी समोर जाऊन उभी राहिले. आकड्याकडे बोट दाखवलं, पट्ट्याकडे दाखवलं. "आत्या, पट्टा राहू द्या. नुसती साखळी काढा."

"तारंला आडकंल."

"नाही अडकत."

"तू बघितलंस व्हय? मी बघितलंय."

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. घरात एक काळा कुत्रा होता. त्यानं डुकरामागं काटेरी तारेवरून उडी मारली, पट्टा वरच्या तारेत अडकला आणि तो तिथंच लटकून मेला. सकाळी सासऱ्यांनी त्याला खाली काढला. तेव्हापासून या घरात पट्टा घालून कुत्रं रानात सोडलं नाही. खुद्द बघितलेल्या गोष्टीपुढे माझ्या नंबराचं काय चालणार? मी कुठं अडकला तर सुटेल असा ताणाचा पट्टा आणला. सासूबाईंनी तो ओढून पाहिला, म्हणाल्या, "ह्यातनं तर ती दिवसाच निसटंल." तेही खरं होतं. कुत्रीनं दुसऱ्याच दिवशी त्यातून मान काढून दाखवली.

आकडा गंजलेला असायचा म्हणून मी नवा घातला, अंगठ्यानं दाबला की सुटणारा. सासूबाईंच्या बोटांना तो दाबायला जड जायचा. बक्कल सोपं. हाताला सवय बक्कलाची.

गाय बघायला डॉक्टर आले तेव्हा त्यांना विचारलं, कातडीखाली चिप बसवतात म्हणे.

"बसवत्यात की. पुण्याला नेली तर बसंल," डॉक्टर म्हणाले. "पण वाचणार कोण वहिनी? उद्या ही भिगवणला सापडली, तर ज्याला सापडली तो काय हिच्या मानंला मोबाईल लावून बघणार हाय?"

नवरा हसला. डॉक्टरांनी कुत्रीचा कान चिमटीत धरला. "ह्यो असा कान कुणाचा असतोय? फोटो काढून ठेवा. ह्यापरास मोठी वळख न्हाय."

मलाही ते पटलं. समोरून, बाजूनं, कानाचा जवळून, असे फोटो काढले आणि विषय संपवला.

लग्नसराईत पलीकडच्या वस्तीवर हळद होती. तिथल्या मुलाचं लग्न, आणि त्यांनी डीजे आणला होता. आजकाल हळदीलाच लग्नापेक्षा जास्त आवाज असतो. आम्ही दोघं संध्याकाळी तिकडे गेलो. सासूबाई म्हणाल्या, मला काय ऐकू येतंय, मी कशाला येऊ. त्या घरीच राहिल्या.

डीजे सुरू झाला तेव्हा मांडवातले पत्रे थरथरत होते. त्यात कोणीतरी आभाळात जाऊन फुटणारे फटाके लावले. मी नवऱ्याच्या कानाशी ओरडले, "कुत्री बांधलेली आहे ना?" त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले. तो म्हणाला, "असंल की." आम्ही जेवायच्या पंगतीत बसलो होतो, पानं वाढून झाली होती.

घरी आलो तेव्हा सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. कुत्री रानात गेली असेल असं समजून आम्ही झोपलो. सकाळी ती भाकरीला आली नाही.

"कवा सोडली?" नवऱ्यानं हातानं विचारलं.

"रोजच्या टायमाला. दिवा लावला आन् सोडली. थरथरत व्हती. म्हणलं काय झालं हिला, थंडी वाजतीय का काय उन्हाळ्यात. साखळीला हिसडं मारत व्हती, म्हणून बिगीनं बक्कल काढलं."

मी तोंडासमोर जाऊन सांगितलं की फटाके होते, डीजे होता, ती घाबरली होती.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "फटाकं व्हतं व्हय? मला काय म्हाईत."

त्यांच्या जगात शांतताच होती, आणि कुत्री का कापतेय हे त्यांना सांगणारी तीच एक कुत्री होती.

शोधायला सुरुवात केली. ऊस उभा होता. उसात कुत्रं शिरलं आणि बाहेर यायचं नाही म्हणालं, तर माणसाला ते दिसत नाही. सरीसरीनं हाका मारत फिरलो. ओढ्याला गेलो, कालव्याला गेलो. निमगावच्या बाजारात प्रत्येक दुकानदाराला फोटो दाखवला. मग मी तो फोटो गावातल्या, नातेवाइकांच्या, डाळिंबवाल्यांच्या, बचत गटाच्या ग्रुपवर टाकला: तांबडी कुत्री, डाव्या कानाला टोक नाही, गळ्यात पट्टा नाही.

तेव्हा मला कळलं की इंदापूर तालुक्यातली निम्मी कुत्री तांबडी आहेत. फोटो यायला लागले. ट्रकखाली बसलेली, उकिरड्यावर उभी असलेली, पिल्लांना पाजणारी. प्रत्येकाखाली, "हीच का?"

मामेसासऱ्यांनी एक पाठवला. मी फोन केला. "मामा, हा कुत्रा आहे."

"रंग तर त्योच हाय की."

"रंग तोच आहे, पण आमची कुत्री आहे."

"तेवढं सोडलं तर सगळं जुळतंय की गं."

पणदऱ्याहून नणंदेनं कळवलं, इथं रस्त्याला एक तांबडी कुत्री नवी आलीय, कुणाच्या दारात थांबत नाही. नवरा मोटारसायकलवर गेला. दोन्ही कान शाबूत. तरी त्यानं तिला बिस्कीट घातलं, कशाला ते विचारलं तर म्हणाला, "गेलो व्हतो तितवर, मोकळ्या हातानं कसं यायचं."

भिगवणचा फोन आला तो जरा आशेचा वाटला. आमच्या ओळखीचा एक जण मासळी आणायला जातो. त्यानं सांगितलं, मासळीबाजारात एक तांबडी आहे, कान तुटका आहे, नवी दिसतेय, बाकीची तिला जवळ येऊ देत नाहीत. आमच्यापासून भिगवण काही जवळ नाही, पण घाबरलेलं कुत्रं सरळ रेषेत पळतं म्हणतात, कुठवर जाईल सांगता येत नाही. मी आणि नवरा सकाळी निघालो. पट्टा बरोबर घेतला.

मासळीबाजारात किती कुत्री असतील याचा मी विचारच केला नव्हता. टोपल्यांच्या मागे, बर्फाच्या पेट्यांखाली, नाल्याच्या कडेला. एक बाई मोठे मासे तोडत बसली होती. तिला फोटो दाखवला.

"कुत्री शोधाय आलायसा? न्या की, कुठली पायजे? एक कशाला, जोडीनं न्या."

"आमचीच पाहिजे. डाव्या कानाचं टोक नाही."

तिनं कोयता उलटा धरून चारी बाजूला फिरवला. "बघा बरं. ह्यांच्यात कुणाचं कान धड हाय?"

खरंच होतं. मासळीच्या तुकड्यावरून भांडून भांडून सगळ्यांचेच कान चावलेले. मी तरी हाक मारली. मला दुसरी हाक माहीतच नव्हती. "यू, यू, यू."

सगळी उठली. पेट्यांखालून, नाल्यातून, पलीकडच्या हॉटेलाच्या मागून. काळी, पांढरी, ठिपक्यांची, तांबडी. मला गराडा घालून तोंडाकडे बघत उभी राहिली.

ती बाई पोट धरून हसली. बाजूच्या बायकाही हसल्या. "बाई, नाव तरी येगळं ठिवायचं!"

मला राग आला नाही. बरोबर बोलली ती. मी एकेका तांबड्या कुत्र्याच्या समोर वाकून कान बघितला. आमची नव्हती. त्या ओळखीच्या माणसानं सांगितलेली सापडली, कानाला मुळापर्यंत चीर गेलेली, तोंडावर पांढरं. परतताना नवरा म्हणाला, "मासे घ्यायचे का?" मी नको म्हणाले आणि मग घेतले, कारण घरी स्वयंपाकाला उशीर होणारच होता.

सासूबाई या दिवसांत काही विचारत नव्हत्या. आम्ही गाडीवरून उतरलो की गाडीच्या मागे बघायच्या आणि आत जायच्या. मात्र भाकरी करताना त्या आता पाठमोऱ्या बसत नसत. चूल तिरपी पडायची, तरी दाराकडे तोंड करून बसायच्या, एक डोळा तव्यावर, एक दारावर. भाकरी करपायला लागल्या. आयुष्यात त्या बाईची भाकरी करपली नव्हती.

आणि मग, मी शोधायचं सोडून दिलं होतं तेव्हा, बारामतीहून एका बाईंचा फोन आला. माझा फोटो हातोहात फिरत कुठल्या तरी ग्रुपवरून त्यांच्यापर्यंत पोचला होता. बोलणं शहरी. म्हणाल्या, "ही आमच्याकडे होती."

"होती?"

"तुम्ही येऊन बघता का? आमच्याकडे फोटो आहेत."

भिगवण रस्त्याला नव्या सोसायट्या झाल्यात, तिथं राहत होत्या. नवरा-बायको दोघंच, निवृत्त, पुण्याहून आलेले. दिवाणखान्यात बसवलं, पाणी दिलं, मोबाईल पुढं केला. पार्किंगमध्ये निळ्या पिंपाशेजारी आमची कुत्री बसली होती. शंकाच नव्हती. कान, कपाळावरची रेघ, एक पाय बाहेर काढून बसायची पद्धत.

"इंदापूर रस्त्याला धापा टाकत पडली होती," काका म्हणाले. "आम्ही गाडीत घालून आणली. गुणी हो फार. घरात घेतली तर कोणी बेल वाजवली की हिच्या पायाला नाक लावायची." त्यांनी बायकोकडे हात केला. "आम्हाला मौज वाटायची."

माझ्या नवऱ्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गळ्यात काहीच नव्हतं," बाई म्हणाल्या. "पहिलं तेच पाहिलं मी. पट्टा असता, नंबर असता, तर त्याच मिनिटाला फोन केला असता. आणि त्यात तो कान. पुण्याला भटक्या कुत्र्यांची नसबंदी करतात ना, त्यांचा कान असाच कापतात, खूण म्हणून. आम्ही म्हटलं, ही नक्की रस्त्यावरचीच, ऑपरेशन झालेली, हिला घर नाही."

मी ऐकत होते. ज्या कानावर आम्ही विसंबलो होतो, तोच बघून त्यांनी ठरवलं होतं की हिचं कोणी नाही.

"मग आता कुठं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सोसायटीत तक्रारी झाल्या होत्या. लहान मुलं आहेत, भटकं कुत्रं आत का घेतलं. भाजीचा टेम्पो घेऊन येणारा एक माणूस होता, दोन-तीनदा भेटला होता, त्याला कुत्र्यांची आवड. त्याचा भाऊ तेलंगणाकडं कुठं शेती करतो, तिकडे राखणीला कुत्रं हवं होतं. त्याच्याबरोबर दिली.

"त्याचा फोन?" नवऱ्यानं विचारलं.

"होता. लागत नाही आता. आम्ही कालपासून लावतोय. तुमचा फोटो बघितल्यापासून."

"टेम्पोचा नंबर?"

"घेतला नाही हो. माणूस चांगला होता. जाताना तिला पुढं शेजारी बसवलं त्यानं, मागं टाकलं नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांना समजवावं लागलं. त्यांची काही चूक नव्हती. रस्त्यावर पडलेलं कुत्रं उचललं, जगवलं, बऱ्या माणसाच्या हातात दिलं. मी त्यांच्या जागी असते तर एवढंही केलं नसतं. टेम्पोवाला भाजी टाकायचा ती दुकानं आम्ही फिरलो. एकानं सांगितलं, तो आता या बाजूला येत नाही. कुठं येतो ते त्याला माहीत नव्हतं. तेलंगण केवढा आहे हे मी घरी येऊन नकाशावर पाहिलं नाही, पाहून काय करणार होते.

बाईंनी फोटो माझ्या मोबाईलवर पाठवला होता. तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला, कुत्रीवर बोट ठेवलं, आणि बोट ठेवल्याबरोबर फोटो सरकून पुढचा आला, जावेच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक. मी परत आणून दिला. त्यांनी परत बोट ठेवलं, परत केक. मग त्यांनी हात मागे घेतला आणि नुसतं बघितलं.

"बरी दिसतीया," म्हणाल्या. "लांब हाय का?"

मी हातानं लांब दाखवलं.

"मग ऱ्हाऊ दे. जनावर हाय. जातं."

त्यानंतर जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. नवऱ्यानं एक पिल्लू आणलं. ते भुंकायचं छान, पण जागेवर बसून, रस्त्याकडे तोंड करून. सासूबाईंकडे जायचं त्याला काही सुचेना. त्याला आम्ही शिकवायला घेतलं. एकानं पाणंदीतून यायचं, दुसऱ्यानं पिल्लाला आत न्यायचं, सासूबाईंच्या पायाशी नेऊन भाकरीचा तुकडा द्यायचा. भाकरी सासूबाईंच्या पायाशी मिळते एवढं ते शिकलं. दिवसभर त्यांच्या पोटरीला नाक लावायला लागलं. त्या उठून दारात यायच्या, दारात कोणी नसायचं. असं कितीदा तरी झालं, आणि मग त्यांनी उठायचं सोडलं.

मी फाटकाला बटण बसवलं, स्वयंपाकघरात चुलीच्या वर लाल दिवा. बटण दाबलं की दिवा लागतो. पण वस्तीवर बटण दाबून कोणी येत नाही. हाक मारत येतात, "कोन हाय का घरात?" म्हणत थेट पडवीत. मी पाटी लावली. पाटीसमोर उभे राहून लोक हाक मारायचे. आणि लाईट नसली की दिवाही नाही.

डाळिंबाच्या व्यापाऱ्याचा माणूस बाग बघायला आला होता. सज्जन माणूस, दरवर्षी येतो. पिल्लू भुंकत होतं. त्यानं हाका मारल्या, आत भांड्याचा आवाज ऐकला, म्हणून आत गेला आणि पाण्याचा तांब्या मागायला सासूबाईंच्या मागे जाऊन उभा राहिला. त्या वळल्या. दोन हातांवर पुरुष उभा. त्या मागं सरकल्या, चुलीच्या कडेला पाय लागला आणि पडल्या. त्यानंच त्यांना उचलून बाजेवर ठेवलं आणि आम्हाला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा तो त्यांच्या उशाशी हात जोडून उभा होता, "आजी, मी हाक मारली व्हती, दोन येळा मारली व्हती," आणि त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, काय म्हणतोय ते कळत नसल्यासारख्या.

खुब्याचं हाड. बारामतीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं ठेवायचं नाही. आम्ही दोघं बागेत, घरात कोण? दिराचा फ्लॅट दवाखान्यापासून जवळ. जाऊ घरी असते. ठरवायला काही राहिलंच नव्हतं, ठरवलं मी. त्यांचं सामान मीच भरलं.

दुसरा मजला, लिफ्ट नाही. वॉकर घेऊन त्या हॉलमधून बाथरूमपर्यंत जातात. एकदा मला विचारलं, "घरी कवा?"

"पाय बरा झाला की."

त्यांनी माझं तोंड नीट वाचलं. पुन्हा विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात भाजी घेऊन गेले होते. जाऊ दारातच कुरकुरायला लागली. "हॉलचा पार गोंधळ करून ठेवलाय बघा आईंनी. खुर्ची त्या कोपऱ्यात ओढायला लावली. टीव्ही दिसत नाही, पंखा लागत नाही. आणि तिथनं हलायला तयार नाहीत."

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. दोन भिंती जिथं मिळतात तिथं पाठ टेकून, तोंड दाराकडे. मागून कोणी येऊ शकणार नाही अशी त्या घरातली ती एकच जागा होती.

"राहू द्या तिथंच," मी म्हणाले.

"अहो पण दिसतं कसं ते?"

"दिसू द्या."

भाजी फ्रीजमध्ये ठेवली. चहा झाला. त्या बसल्या बसल्या झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, हात वॉकरच्या दांडीवर. एसटीची वेळ झाली होती. निघते म्हणून सांगायचं तर त्यांना हात लावून उठवायला लागलं असतं, आणि हात लावला की त्या दचकतात. मी चप्पल घातली आणि न सांगताच जिना उतरले.